स्केटबोर्डचे धडे आणि कुलपातला स्केटबोर्ड

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्केटबोर्डकडून सर्जनशीलता आणि नवनिर्मितीचे धडे घ्यावेत, असे सांगणारा आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा कुतूहलाने वाचला. दुसऱ्यांदा, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तोच लेख ‘पालकांनी मुलांना आवर्जून वाचून दाखवावा’ अशा शिफारशीसह व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा संतापाने वाचला. याच गृहस्थांनी दिवाळीच्या सुटीत माझ्या नातीचा स्केटबोर्ड काढून घेऊन सोसायटीच्या कार्यालयात, मोडक्या खुर्च्यांच्या मागे कुलपात ठेवला होता आणि तो सोडवून आणण्यासाठी सत्तरी ओलांडलेल्या मला ‘यापुढे असे होणार नाही’ असे लेखी द्यावे लागले होते.

नातीचा गुन्हा काय होता, तेही सांगतो. कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या ओट्यातून निघालेला कडाप्पा कचऱ्याच्या डब्याशेजारी पडून होता. तो तिने मैत्रिणीच्या मदतीने पार्किंगच्या कोपऱ्यात ओढत नेला, विटांवर ठेवला आणि फळी त्याच्या कडेवरून घसरत जावी म्हणून त्या कडेला मेणबत्तीचा तुकडा घासला. मेणाची ही युक्ती जगभरची स्केटबोर्डवाली मुले वापरतात. कडाप्पाची कल्पना मात्र तिची स्वतःची. ‘सोसायटीच्या आवारात दगड आणून अडथळा निर्माण करणे व फरशी मेणचट करणे’ असे त्याचे वर्णन नोटिशीत झाले. त्या नोटिशीवर सही करणारे गृहस्थ आज आम्हांला नवनिर्मिती शिकवत आहेत.

लेखकमहाशयांनी कंपन्यांतील अधिकाऱ्यांसाठी अपयशाला न भिण्याची जी सुवचने काढली आहेत, त्यांविषयी माझी फारशी तक्रार नाही. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये माझी उभी हयात गेली. पहिल्या ट्रायलला बरोबर जॉब देणारी डाय, म्हणजे धातूचे भाग घडवण्याचा साचा, मी पाहिलेली नाही आणि त्या फसलेल्या ट्रायलला कोणी अपयशही म्हणत नसे. परंतु ऑली ही स्केटबोर्डवरची उडी प्रसिद्ध अमेरिकी स्केटबोर्डपटू टोनी हॉक यांनी शोधली, हे लेखातले विधान तपासून न घेता कसे छापले गेले? ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडाच्या ॲलन गेलफंड या मुलाने उभ्या वळणदार भिंतीवर केली आणि पुढच्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडाच्याच रॉडनी मलन यांनी ती सपाट जमिनीवर आणली. मागच्या पायाने फळीचे शेपूट जमिनीवर आपटायचे, फळी उभी होऊ लागली की पुढच्या पावलाची बाहेरची कड वरच्या खरखरीत कागदावरून घासत पुढे न्यायची, म्हणजे हाताने न धरताही फळी हवेत पायांखाली आडवी होते. परिणामी नातीच्या एकाच बुटाला करंगळीपाशी भोक पडते, दुसरा बूट नवाच्या नवा राहतो आणि सूनबाई दोन्ही बुटांचा राग माझ्यावर काढतात.

हॉक यांचे नाव घ्यायचेच होते, तर २७ जून १९९९ चा प्रसंग सांगायचा होता. हवेत अडीच गिरक्या घेण्याचा त्यांचा प्रयत्न त्या दिवशी पुन्हा पुन्हा फसत होता, स्पर्धेची ठरलेली वेळही संपली होती. पण आयोजकांनी त्यांना बाहेर काढले नाही, म्हणूनच ती करामत साधली. त्याच्याही आधी, १९७६-७७ च्या दुष्काळात कॅलिफोर्नियात बंगल्यांचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले, तेव्हा तिथली मुले कुंपणे ओलांडून त्यांत उतरली आणि कोणी हुसकावून लावीपर्यंत त्या वळणदार भिंतींवर चढत-उतरत राहिली. परवानगी नव्हती, हे मान्य. पण या खेळात जे जे नवे निघाले, त्यातले बरेचसे दुसऱ्या कामासाठी बांधलेल्या जागेत, बोलावणे नसताना गेलेल्या मुलांकडून निघाले, ही गोष्ट आपल्या लेखात एका ओळीनेही येत नाही. ती आली असती, तर सेक्रेटरींनी लेख पुढे पाठवला नसता, अशी माझी नम्र समजूत आहे.

‘हे खेळ आपल्याकडचे नव्हेत’ असेही एक सदस्य सोसायटीच्या सभेत म्हणाले. मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या खेड्यात २०१५ पासून काँक्रीटचा स्केटपार्क आहे. तिथे मुलींना आधी संधी मिळते आणि शाळा बुडवणाऱ्याला फळी मिळत नाही. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने या खेळात सुवर्णपदक मिळवले. पन्ना राहू द्या, पुणे तरी आमच्या सदस्यांना परदेश वाटू नये.

आम्हांला उद्घाटनाची फीत आणि कोनशिला असलेला स्केटपार्क नको. सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात एवढे काँक्रीट ओतले जात आहे, त्यातला एखादा गुळगुळीत तुकडा पर्वणी आटोपल्यावर मुलांसाठी मोकळा ठेवावा आणि तिथे ‘खेळण्यास सक्त मनाई’ची पाटी लावू नये, एवढे महानगरपालिकेला आपल्या स्तंभातून सुचवता आले तर पाहावे. सोसायटीचे आमचे आम्ही पाहू. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी विषय मांडणार आहे आणि कडाप्पा अजून जिन्याखाली सांभाळून ठेवला आहे.

जाता जाता आणखी एक. स्केटबोर्डवरील लेखाला आपण रोलर स्केट घातलेल्या मुलीचे अर्धे पान व्यापणारे छायाचित्र दिले आहे. त्यात फळी कुठेच नाही. नातीने ते मला दाखवले आणि ‘आजोबा, यांना हेसुद्धा कळत नाही का?’ असे विचारले. कृपया खुलासा करावा, म्हणजे तिला तो दाखवता येईल.

कळावे,
आपला,
एक जुना वर्गणीदार
इंदिरानगर, नाशिक