बुवा दिसला, आणि ओळखला नाही

पक्या,

दोन वर्षं पत्र नाही, फोन नाही, आणि आज एकदम हे. रागव हवं तर, पण आधी वाच. घरी सगळे बरे, आईचा गुडघा आहे तसाच.

परवा ताईला सोडायला स्वारगेटला गेलो होतो. सातारच्या रांगेत आपला जुना दोस्त बुवा माझ्या शेजारी चांगली दहा मिनिटं उभा होता. "विनाथांबा हीच ना?" असं त्याने मलाच विचारलं. मी "हो" म्हटलं आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. डोक्यावर केस नाही, अंग सुटलेलं, हातात कापडी पिशवी. मग तो खिडकीशी बसला, कंडक्टरने तिकीट दिलं, आणि त्याने तिकिटाची बारीक नळी वळून कानामागे खोचली. तीच बुवाची जुनी सवय! पक्या, मी धावलो रे. गाडी फाटकाबाहेर पडली होती.

रात्री पिंक फ्लॉइड बँडचा 'विश यू वर हिअर' हा अल्बम लावला. गिलमोरच्या गिटारचे ते चार सूर आले आणि पुढे ऐकवेना. जून १९७५, अ‍ॅबे रोड स्टुडिओ. पिंक फ्लॉइड 'शाइन ऑन'वर काम करत होते, आपल्या जुन्या साथीदारावर, सिड बॅरेटवर केलेल्या गाण्यावर. आणि खोलीत एक जाडा, डोकं-भुवया भादरलेला माणूस आला. तोच सिड! १९६८ पर्यंत ज्याच्याबरोबर वाजवलं, त्याला कुणी ओळखेना. कळलं तेव्हा बँडमधल्या वॉटर्सला रडू फुटलं.

खोली नंबर बाराच्या गच्चीवर आपण यावरून किती भांडलो! तू म्हणायचास, हे वेडाचं गाणं. मी म्हणायचो, विरहाचं. (तू ते गायला लागलास की मेसचे काका ताट बडवायचे, तो विरह वेगळा.) आता वाटतं, दोघंही चुकलो. आठवणीतला सिड त्यांना इतका लख्ख दिसत होता की समोरचा दिसलाच नाही. आपणही दर गणपतीत "बुवा हवा होता" म्हणतो, डोळे ओले करतो. वाईला त्याच्याकडे कोण गेलं? मी नाही, तूही नाहीस.

मिलिंद राजाला बौद्ध भिक्षू नागसेनाने दिलेला दिव्याचा दाखला तू मला ऐकवायचास: पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत, तीच नव्हे आणि दुसरीही नव्हे. तेव्हा मी हसलो होतो. परवा ती कानामागची नळी पाहिली आणि मला तो दिवा दिसला. बाकी सगळा बुवा बदललाय. मग मी माया केली ती कुणावर, त्या लांब केसांच्या पोरावर? ते पोर तर आता कुठेच नाही. आणि जो आहे, त्याला मी नुसतं "हो" म्हटलं. रात्रभर हेच डोक्यात.

तुझी बदली झाली का? छकुलीचा दहावीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

बुवाचा वाईचा पत्ता तुझ्या जुन्या डायरीत असेल, तो लगेच पाठव. रविवारी सहाच्या गाडीने निघतोय. तुझ्यासाठी जागा धरू का?

तुझा,
बंड्या