अण्णांचा ओंडका आणि तुम्ही

मॅडम,

सप्रेम नमस्कार. अण्णांच्या ओंडक्याचं वय तुम्ही तपासून दिलंत, त्याचे परवा फोनवर आभार मानायला गेलो आणि घसाच दाटून आला, म्हणून हे पत्र. चारचौघांनी वाचावं म्हणून ते उघडच लिहितोय.

तीन वर्षांपूर्वी पंचगंगेकाठच्या आमच्या मळ्यात विहीर खोल करताना काळ्या, चिकट गाळात एक ओंडका लागला. 'वाळवा आणि चुलीत घाला' म्हणणारे पुष्कळ होते. अण्णांनी मात्र तो बैलगाडीतून सोप्यात आणून ठेवला. 1945-46 साली कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर झालेल्या उत्खननाच्या गोष्टी ते आजोबांकडून ऐकत वाढले. टाऊन हॉलच्या म्युझियममधली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती दाखवायला त्यांनी आम्हाला किती वेळा नेलं असेल, मोजदाद नाही. नदीकाठ काहीतरी सांगतोय, एवढा त्यांचा विश्वास. वाळून लाकडाला चिरा पडू लागल्या, तसं ते महिन्या-महिन्याला त्याला करंजाचं तेल लावत गेले.

लाकूड किती जुनं ते तपासून घ्यायला एका ऑफिसात गेलो, तर त्या तेलावरूनच साहेबांनी आम्हाला दारातनं परत पाठवलं. "तेल लावलंय? मग नमुना बाद. अडाणीपणा केलात तुम्ही." खुर्चीतून उठलेही नाहीत ते. सत्तरी ओलांडलेला माणूस ओंडक्याचा तुकडा फडक्यात बांधून उभा होता, त्याला बसा म्हणायचंही सुचलं नाही त्यांना. अण्णा आठ दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत.

नंतर तुमच्याशी बोललो, तर तुमचा पहिला प्रश्न होता, "तेल कुठं लागलं नाहीये?" तेव्हा अण्णांना आठवलं. एका बाजूला साल अजून चिकटून होती, ती निघेल म्हणून तिथं त्यांनी हातच लावला नव्हता. तुम्हाला हवी होती ती नेमकी तीच जागा.

मग तुम्ही स्पीकरवर अण्णांना सगळं समजावून सांगितलंत. झाड हवेतला कार्बन घेतं, त्यात थोडा कार्बन-14, म्हणजे कार्बनचाच हळूहळू नाहीसा होत जाणारा प्रकार, असतो. खोडातलं वर्षाचं एक कडं पूर्ण झालं की त्या कड्यात नवा कार्बन जाणं थांबतं, आणि आतला कार्बन-14 दर 5730 वर्षांनी निम्मा होत जातो. उरलेला मोजला की वय कळतं. गाभ्यातलं कडं झाड लहान असतानाचं, म्हणून ते तपासलं तर झाड मेलं त्याच्या कितीतरी आधीचं साल निघतं. सालीलगतचं कडं शेवटचं. करंजाचं तेल आजच्या बियांचं, त्यातला कार्बनही आजचा, त्यामुळं लाकूड आहे त्यापेक्षा तरुण वाटतं. फडक्याच्या सुताचंही तेच.

अण्णा हळूच म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळंच वाया जात हुतं की, बाई."

त्यावर तुम्ही म्हणालात, "काका, तुम्ही जपलंत म्हणून ते आज तपासायला शिल्लक आहे. नाहीतर राख झाली असती, आणि राखेला मी काय विचारणार होते?"

मॅडम, त्यानंतर अहवाल आला. लाकूड हजार वर्षांच्या पलीकडचं निघालं, गावभर बोलबाला झाला. पण आमच्या घरात अजून निघतं ते हेच एक वाक्य. त्या दिवशी अण्णा पोटभर जेवले. चूक दाखवायची, पण माणसाची मान खाली जाऊ द्यायची नाही, ही रीत तुम्ही कुठं शिकलात हो? शिकलेली माणसं आम्ही खूप पाहिली. समोरच्याला बसा म्हणणारी कमी भेटली.

तपासायला काही मिलीग्रॅमच लागले, बाकीचा तुकडा तुम्ही चिठ्ठी लावून परत पाठवलात. सोबत आमचं फडकंही, धुऊन घडी घातलेलं. आईनं ते देवघरात ठेवलंय.

अण्णांनी तेल लावणं थांबवलंय. सालीच्या बाजूला कुणी हात लावू नये म्हणून पाट आडवा लावलाय, पुढं कुणाला पुन्हा तपासायचं झालं तर. दिवाळीनंतर गुऱ्हाळ लागेल. अण्णांचा निरोप आहे, काकवी घ्यायला तुम्हीच यायचं, पाठवून देणार नाही.

तुमचा,
अण्णांचा थोरला
कोल्हापूर