शाळा बंद की जेवण बंद

संपादक साहेब, नमस्कार. उन्हाळी सुट्टी लागली की सगळी पोरं नाचायची, माझ्या मात्र पोटात गोळा यायचा, कारण शाळेतली खिचडी बंद व्हायची, बाप दारूत, आई दोन-दोन दिवस घरी नाही, धाकट्या भावाला मीच साखरपाणी पाजून झोपवायचे. शेजारच्या काकू भाकरी द्यायच्या म्हणून जगलो आम्ही, पण त्यांनाही वाटायचं दुसऱ्याच्या घरचा मामला, आपण कशाला बोला. मुलांसाठी १०९८ ही फुकट हेल्पलाइन आहे, चोवीस तास, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं! तो नंबर पेपरात रोज पहिल्या पानावर छापा ना प्लीज. आणि सर-मॅडमनी गृहपाठ नाही म्हणून ओरडायच्या आधी घरी कोण असतं एवढं तरी विचारा.

- एक वाचक, सोलापूर