माळ्यावरचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर थेट प्लगला लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायरवरचा लेख मी दोनदा वाचला. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पण धूळ पुसून यंत्र सरळ प्लगला लावून बघा, हा त्यातला सल्ला वाचून मला झोप लागली नाही. कोणीतरी तो मनावर घेईल. म्हणून हे पत्र.

मी वसईचा. आमच्याकडच्या लग्नांच्या बँडमध्ये तीस वर्षं बास गिटार वाजवली. माझा अ‍ॅम्प १९६५ सालचा फेंडर बासमन. मामा बोटीवर होते, त्यांनी तो न्यूयॉर्कहून सेकंडहँड आणला. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असतात ते काचेचे दिवे; त्यात मोठे ६एल६ दोन, छोटे चार, ताकद ५० वॅट. आजच्या हिशेबाने ५० वॅट काहीच नाही, पण त्याचा खालचा सूर छातीत उतरतो आणि मंडपातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतो. तो आजही चालतो. चालतो, कारण त्याला काय दुखतं ते मी हळूहळू शिकलो.

सर्वांत आधी वायर. त्या काळच्या अमेरिकी अ‍ॅम्पला दोन पिनांची वायर असते, अर्थिंग नसतं. मागे ‘ग्राउंड’ लिहिलेला एक खटका असतो. त्या खटक्यावरून एक छोटा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) विजेच्या एका तारेतून थेट चॅसिसला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेला असतो. साठ वर्षांचा तो कपॅसिटर आतून शॉर्ट झाला, की अख्खी चॅसिस लाइव्ह होते. गिटारच्या तारा चॅसिसलाच जोडलेल्या असतात. वाजवणाऱ्याचे हात तारांवर आणि ओठ माइकला लागले, तर काय होईल हे सांगायला नको. तो कपॅसिटर काढून टाका, तीन पिनांची वायर घाला आणि अर्थ चॅसिसला पक्का करा. मूळपणा राखायच्या हट्टापायी हे टाळणारे लोक मी पाहिले आहेत. मला तो हट्ट मान्य नाही.

मग पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. आतल्या अॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर हेच त्यांचं इन्सुलेशन. वर्षानुवर्षं पडून राहिलं की तो थर विरतो. अशात चारशेच्या वर डीसी व्होल्ट एकदम आले, की कपॅसिटर तापतो, फुगतो, कधी फुटतो आणि जाताना ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. बासला ते जास्तच नडतं. खालच्या ई तारेचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा, तो काढायला अ‍ॅम्प दमदार करंट ओढतो. कपॅसिटर थकले असतील तर सूर बसका येतो आणि मागे शंभर हर्ट्झची घूं चालू राहते. तीस-चाळीस वर्षांचे कपॅसिटर बदलायचेच, त्यात तडजोड नाही. आणि प्लग काढला म्हणून आत हात घालू नका. ते चार्ज धरून ठेवतात. दहा किलोओहम, पाच वॅटच्या रेझिस्टरने चॅसिसला टेकवून ते रिकामे करायचे, मग मीटरने खात्री करायची. १९८८ साली मी हे केलं नाही आणि मागच्या भिंतीवर जाऊन आदळलो.

पहिल्यांदा चालू करताना वायरमनचा सिरीज बोर्ड वापरा, म्हणजे वीज आधी एका बल्बमधून जाऊन मग यंत्रात येते. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्बच लावा, एलईडी चालत नाही. सगळे व्हॉल्व्ह काढून ठेवा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जा. भगभगत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, तिथेच थांबा. हा बोर्ड त्या वेळी माझ्याकडे असता तर पुढचं घडलं नसतं.

नव्वदच्या सुमारास अ‍ॅम्पचा फ्यूज वारंवार उडू लागला. मी तो एका दुकानात दिला. तिथे फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार बसवली आणि मला दुरुस्त म्हणून परत दिला. आठवड्याने ऐन लग्नात जळका वास आला आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर गेला. नवा मिळायची शक्यता नव्हती. शेवटी लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे वाइंडर भेटले. त्यांनी जुनं गुंडाळणं हाताने उलगडत प्रत्येक वेढा मोजला, वहीत लिहिला. अमेरिकेची वीज साठ सायकलची (हर्ट्झची), आपली पन्नासची, त्यामुळे तोच गाभा इथे जास्त तापतो, म्हणून त्यांनी पत्र्यांची चळत थोडी वाढवली आणि प्रायमरी (भिंतीकडची वीज घेणारी गुंडाळी) सरळ २३० व्होल्टची केली. व्होल्ट अमेरिकेइतके कमी करणाऱ्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचं लोढणं तेव्हापासून सुटलं. छोट्या व्हॉल्व्हपैकी एक बंगळूरच्या बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) कंपनीचा ईसीसी८३ होता, तोही त्यांनीच ड्रॉवरमधून काढून दिला. ते गेले. त्यांची वही कुठे आहे, कोणाला ठाऊक नाही.

आता पावसाळ्याबद्दल, कारण कोकणपट्टीत हे सगळ्यांनाच भोवतं. दर जुलैत माझा अ‍ॅम्प चरचरायचा. व्हॉल्व्ह बदलले, सॉकेट साफ केले, काही उपयोग नाही. अखेर एका रात्री मीटरची काळी तार चॅसिसला आणि लाल तार आतल्या काळ्या फायबरच्या पाटीवर, जिथे काहीच जोडलेलं नाही अशा जागी टेकवली. वीसच्या वर व्होल्ट! ती मेणात बुडवलेली पाटी दमट हवा पिऊन स्वतःच वीज वाहत होती. हेअर ड्रायरने ती तासभर सुकवली, व्हॉल्व्हच्या ग्रिडचे (सूर आत घेणाऱ्या जाळीचे) सांधे पाटीवरून उचलून हवेतच जोडले. त्यानंतरचे पावसाळे शांत गेले.

सगळंच बदलायचं असतं असं मात्र नाही. त्यातले मूळ निळे कपलिंग कपॅसिटर (एका व्हॉल्व्हमधून पुढच्यात फक्त सूर सोडणारे) मी एकेक तपासले. ६एल६च्या ग्रिडवर उणे पन्नासच्या आसपास व्होल्ट ठाम दिसत होते, म्हणजे ते गळत नव्हते. ते तसेच आहेत. गळले असते तर व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद झाली असती. व्हॉल्व्ह बदलले की ग्रिडवरचे हे उणे व्होल्ट, म्हणजे बायस, पुन्हा बघायचे, आणि स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प कधीही वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

माझ्या दोन विनंत्या आहेत. ज्यांच्या घरी वादक वडील किंवा काका गेले आणि मागे असा खोका राहिला, त्यांनी तो किलोच्या भावाने भंगारात देऊ नये. आधी व्हॉल्व्हचं काम जाणणारा जुना रेडिओ मेकॅनिक शोधावा आणि काढलेले सुटे भाग त्याच्याकडून परत मागून घ्यावेत. दुसरी विनंती आपल्याला. येत्या रविवारच्या पुरवणीत, त्याच पानावर, प्लग लावण्याबद्दलची दुरुस्ती ठळक छापावी.

आपला,
एक बासवादक वाचक, वसई