वाघोलीची शिरगणती सोसायटीच्या गेटवर थांबू नये

महोदय,

जनगणनेविषयीच्या बातम्यांत सध्या चर्चा होते ती प्रामुख्याने जातनिहाय नोंदीची, आणि ती व्हायलाही हवी. परंतु पुण्याच्या वाघोलीसारख्या उपनगरात मुळात सगळी माणसे तरी मोजली जातील का, अशी शंका वाटते, म्हणून हे पत्र.

२०११ च्या जनगणनेच्या वेळी वाघोली ही हवेली तालुक्यातील ग्रामपंचायत होती. दगडखाणी, क्रशर, वाघेश्वराचे मंदिर आणि पिलाजी जाधवरावांची समाधी ही तिची जुनी ओळख. खराडीत आयटी कंपन्या वाढल्या, त्यामानाने स्वस्त घराच्या शोधात लोक नगर रस्त्याने पुढे सरकत आले आणि जून २०२१ मध्ये वाघोलीसह २३ गावे महापालिकेत समाविष्ट झाली. तरीही जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीची प्रभागरचना २०११ च्याच लोकसंख्येवर करण्यात आली. ज्या इमारतींचा पायाही तेव्हा खणला गेला नव्हता, त्यांतील रहिवासी मतदारयादीत आहेत, पण लोकसंख्येच्या हिशेबात नाहीत, असा हा अजब प्रकार आहे.

जनगणनेत उत्पन्न विचारले जात नाही. घरयादीच्या, म्हणजे घरांची नोंद करण्याच्या पहिल्या टप्प्याच्या वेळी छत कशाचे, पाणी कोठून येते, शौचालय आहे का, वाहन कोणते, यांवरूनच कुटुंबाच्या ऐपतीचा अंदाज बांधावा लागतो, आणि आमच्याकडे तो फसण्याचीच शक्यता अधिक. गुंठ्यागुंठ्याने जमीन विकून खोल्यांची चाळ बांधणारा मूळ गावकरी, त्या चाळीत आठ-दहा जणांत एक खोली घेऊन राहणारे बिहार-ओडिशाचे कामगार, पलीकडच्या सोसायटीत गृहकर्जाचे हप्ते फेडणारे नोकरदार जोडपे, आणि त्यांच्याकडे धुणीभांडी करणारी मराठवाड्यातील बाई हे सर्व एकाच रस्त्यावर राहतात. त्यांची सरासरी काढली, तर ती यांच्यापैकी कोणालाही लागू पडणार नाही. (टँकरच्या पाण्याची वाट मात्र सोसायटी आणि चाळ, दोघेही सारख्याच आतुरतेने पाहतात.)

खरी काळजी आहे ती ज्यांना दारच नाही त्यांची. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीतील केसनंद फाट्याजवळ पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर डंपर चढला आणि त्यात दोन लहान मुलांसह तिघांचा बळी गेला. ही कुटुंबे कामाच्या शोधात अमरावतीहून आली होती. अशा बेघरांची नोंद घेण्यासाठी २०११ मध्ये फेब्रुवारीची अखेरची रात्र राखून ठेवली होती. आताच्या जनगणनेचा संदर्भदिनांक, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरली जाते तो दिवस, १ मार्च २०२७ आहे. त्यासाठी मजूर अड्डा, खाणीवरच्या झोपड्या आणि बांधकामांवरील पत्र्याच्या खोल्या यांची यादी प्रभाग कार्यालयाने आधीच तयार ठेवावी. ठेकेदाराने सांगितलेला आकडा लिहून घेऊन प्रगणक (घरोघरी नोंद घेणारे कर्मचारी) परतले, तर त्या मजुरांची मातृभाषा, मूळ गाव आणि स्थलांतराचे कारण, यांपैकी काहीच नोंदले जाणार नाही.

सोसायट्यांनीही प्रगणकाला गेटवर ताटकळत ठेवू नये, आणि भाडेकरूंनी ‘आमची नोंद गावी होईल’ असे सांगून दार लावून घेऊ नये. प्रगणक म्हणून बहुधा शिक्षकच येतील; त्यांच्या दिमतीला हिंदी, ओडिया किंवा बंगाली समजणारा एखादा स्थानिक तरुण देण्याची व्यवस्था महापालिकेने करावी, एवढी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

– एक रहिवासी, वाघोली, पुणे