पाण्याचा हिशेब

प्रिय बापू,

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर दिले नाही. शिव्या राखून ठेव. प्रकृती ठीक आहे, सोमवार, बुधवार, शुक्रवार असे चार-चार तासांचे डायलिसिस चालू आहे. रविवारी मात्र मी जे केले, ते तुझ्यावाचून कोणाला सांगण्याजोगे नाही.

तात्याच्या घरी मुंज होती. मला दिवसाला आठशे मिलिलिटर पाण्याची परवानगी आहे आणि त्यात चहा, आमटी, ताक सारेच धरायचे असते. म्हणून रोज सकाळी तेवढे पाणी मोजून स्टीलच्या बाटलीत भरतो आणि चहा घेतला की तितके पाणी मुकाट्याने तुळशीला घालतो. पण पंक्तीत पापडाला आणि कैरीच्या लोणच्याला नाही म्हणणे जमले नाही, मिठाने तहान भडकली आणि मागच्या अंगणात माठाशी उभा राहून मी चोरासारखा चार फुलपात्री पाणी प्यालो. सोमवारी काट्यावर साडेतीन किलो जास्त भरलो. तेवढे पाणी चार तासांत ओढताना तिसऱ्या तासाला रक्तदाब कोसळला आणि पोटरीत असे गोळे आले की मला हरिश्चंद्रगडाच्या चढाची नळीची वाट आठवली. तिथे तू शेवटची बाटली स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलीस. ते पाणी माझे होते, हे माझे म्हणणे आजही कायम आहे.

खुर्चीतल्या चार तासांना फारसा धीर लागत नाही, तिथे यंत्रच बांधून ठेवते. धीर लागतो तो शुक्रवारी सुया निघाल्यापासून सोमवारी पुन्हा टोचेपर्यंत, आणि तोच माझ्यापाशी कमी पडतो, याची मला खरी भीती वाटते. बाकीचे पथ्य अंगवळणी पडले आहे. सकाळी डोळे उघडण्याआधी डाव्या हातावरच्या फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी धमनीला जोडलेल्या शिरेची, थरथर बोटांनी चाचपतो. झोपलेले मांजर गुरगुरावे तशी ती लागली की मगच उठतो. त्या हाताने ओझे उचलायचे नसल्याने मंडईची पिशवी ही उचलते आणि मी जहागीरदारासारखा मागून चालतो.

चिमीला नोकरी लागल्याचे कळले, फार आनंद झाला. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला आणलेली शहाळी पोटॅशियममुळे मला चालत नाहीत, ती शेजाऱ्यांनी संपवली; या वेळी हात हलवत ये, पण शनिवारी ये आणि सोमवार सकाळपर्यंत राहा. बाटलीवरून माझ्याशी भांडायला कोणीतरी हवे आहे.

तुझा,
अण्णा