छेद घेणाऱ्या दादांना अनावृत आभारपत्र

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

महाबळेश्वरच्या सदाहरित रानातल्या ग्राफिस शैवाकांची (शैवाक म्हणजे लायकेन, कवक आणि शैवाल यांची जोडीने होणारी वाढ; ग्राफिस ही त्यातली एक प्रजाती) ओळख पटवताना तुम्ही केलेल्या मदतीचे आभार चारचौघांत मानायचे, म्हणून हे पत्र. जांभळाच्या, अंजनीच्या सालीवरच्या पांढुरक्या पापुद्र्यात काळ्या रेघोट्या दिसतात, ती त्या शैवाकातल्या कवकाची फळे. नुसत्या भिंगाने जात ठरत नाही. सगळी भिस्त छेदावर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या पातळ कापावर, आणि छेद तुमच्या हातचे.

कोरड्या रेघेवर ब्लेड चालवले की कोळशासारख्या ठिसूळ भिंतीचा भुगा होतो. फार भिजवली तर आतला बीजाणूंचा थर फुगून सुटतो. पाण्याचा एक थेंब टाकून थोडे थांबायचे, हे तुम्ही दाखवलेत. रेघही पक्व हवी, कोवळीच्या ओठांवर, म्हणजे दोन्ही कडांवर, खाचा उमटलेल्या नसतात. मग मधोमध, बरोबर आडवा, नव्या ब्लेडने, २० मायक्रॉनच्या आसपास जाडीचा छेद. तो तिरका गेला तर काळी भिंत तळाशी बंद आहे की उघडी, हे सांगता येत नाही, आणि जाती वेगळ्या करताना नेमके तेच विचारले जाते.

पहिला छेद पाण्यातच बघायचा हा तुमचा हट्ट तर लाखमोलाचा. थरातले तेलाचे बारीक थेंब तिथेच दिसतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ते विरून जातात. दुसऱ्या छेदाला कव्हर स्लिपच्या (वरच्या पातळ काचेच्या) कडेने त्याचेच १० टक्के द्रावण सोडायचे. शैवाकात नॉरस्टिक्टिक आम्ल असेल तर लाल सुया तयार होतात, स्टिक्टिक असेल तर नुसता पिवळा रंग पसरतो. बाटली जुनी असली की द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून मंदावते, सुया येतच नाहीत आणि नमुना भलत्याच नावाखाली जातो. तिसऱ्याला आयोडीन: ग्राफिसचे रंगहीन बीजाणू जांभळट निळे होतात, फिओग्राफिस या तशाच दिसणाऱ्या प्रजातीचे मुळात तपकिरी असतात आणि लालसर होतात. म्हातारे ग्राफिस बीजाणूही तपकिरी पडतात, म्हणून तुम्ही कोवळे शोधून देता.

नव्या जातीच्या वर्णनाखाली वर्णन करणाऱ्याचे नाव छापतात, छेद घेणाऱ्याचे क्वचितच. आम्हाला हे पटत नाही. यापुढे आमच्या प्रत्येक काचपट्टीच्या चिठ्ठीवर संग्राहकाच्या नावाखाली तुमचेही नाव असेल. नको म्हणू नका.

आपले,
शैवाकांचे अभ्यासक